मक्याची उकड

भेंडी चिरून कोणी पाण्यात टाकतं, हे हव्वाबीने बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. भेंडी धुवायची, पुसून कोरडी करायची, मगच सुरी लावायची, आणि एकदा चिरली की पाण्याचा थेंब तिला दाखवायचा नाही, हे साखरतर गावच्या पोरींना कोणाला शिकवावंसुद्धा लागत नाही. आणि ही बाई स्टोवर टोपभर पाणी उकळून त्यात भेंडीचे काप सोडत होती. पाणी हिरवट झालं, मग बुळबुळीत झालं, मग चमच्यामागून तारा निघायला लागल्या. हव्वाबी दाराशी पाटावर बसली होती. तिने तोंड फिरवलं.

"बघ तू," ती बाई मागे न वळता म्हणाली. "उद्यापास्नं तू करणार. मी नसतो."

हव्वाबीला दुबईत उतरून तीन दिवस झाले होते आणि या तीन दिवसांत तिला सगळ्यात जास्त कशाने जाळलं असेल तर या 'नसतो'ने.

झालं होतं असं. सदुसष्ट सालच्या मार्चात साखरतरला पत्र आलं. खाली सही मुनीरची, तिच्या धाकट्या दिराच्या मुलाची. तो दुबईत देऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात होता. शाळेच्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं: खैरुद्दीन चाचाच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, चाचीने लवकर यावं. हव्वाबीचा नवरा खैरुद्दीन आयुष्यभर बोटीवर भंडारी होता, खलाशांचं जेवण रांधायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली एकत्र काढलेली मोजली तर तीनही भरली नसती. पाच वर्षांपूर्वी तो बोट सोडून शारजाला गोऱ्यांच्या कॅम्पात खानसामा म्हणून लागला असं त्याने कळवलं होतं. पत्र येई, कापड येई, साबणाच्या वड्या येत. तो स्वतः नऊ वर्षांत आला नव्हता. मुलगी जहांआरा सासरी गेली तेव्हाही नाही.

बोटीने खाडीबाहेर नांगर टाकला, पडावातून माणसं किनाऱ्याला लागली, तिथे मुनीर उभा होता. घराकडे चालताना त्याने, रस्त्यावरचा दगड बाजूला सारावा तसं, सहज सांगून टाकलं की घरात एक काळी बाई आहे, चाचाचं बघायला ठेवलेली, चाचीने मनावर घेऊ नये. हव्वाबीने मनावर घेतलं नाही. आजाऱ्याला माणूस लागतंच.

खजुराच्या झावळ्यांचं घर, एक खोली आणि पुढे स्वयंपाकाचा आडोसा. खैरुद्दीन खाटेवर पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याने तिच्याकडे बघितलं, बघत राहिला, आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्याने ओळखलं की नाही, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. ती त्याच्या पायाशी बसून होती तोवर दिवस कलला. बाहेर चपला वाजल्या आणि एका बाईचा आवाज आला, "मी आलो."

आवाज बाईचा होता. शब्द तिच्या नवऱ्याचे होते. तसेच, शेवटाला जरा ओढून, साखरतरच्या पुरुषांसारखे.

हव्वाबी अडाणी असेल, खुळी नव्हती. कामाला ठेवलेली बाई 'आण', 'ठेव', 'पाणी' एवढं शिकते. 'मी आलो' ती शिकत नाही. ते ज्याच्या तोंडून रोज घराच्या दारात ऐकायला मिळतं, त्याच्याकडूनच शिकता येतं. दारात उंच, काळीसावळी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई उभी होती. वय असेल चाळिशीच्या आतबाहेर. तिने हव्वाबीला सलाम केला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "हलिमा."

बाकीचं हव्वाबीला तुकड्यातुकड्यांनी कळलं. हलिमा बार्बाडोस नावाच्या बेटावरची. विलायतेला इस्पितळात चादरी धुवायच्या कामाला आली होती, तिथल्या गोदीत खैरुद्दीन भेटला. तेव्हा तिचं नाव एनिड होतं. निकाह तिकडच्याच एका मौलवीने लावला होता, कागद नव्हता. दुबईत आल्यावरही ती इस्पितळाच्या धोबीखान्यातच लागली. खैरुद्दीन पडल्यापासून घर तिच्या हातांवर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी हव्वाबीने बरोबर आणलेल्या तांदळाची पातळ पेज केली. नवऱ्याच्या तोंडात आपल्या हाताने घास घालायचा, एवढ्यासाठीच ती समुद्र ओलांडून आली होती. पहिला चमचा गेला. दुसरा भलत्या नळीत गेला. खैरुद्दीनचे डोळे पांढरे झाले, ओठ जांभळे पडले. हव्वाबी हातात चमचा धरून नुसती उभी राहिली. हलिमाने धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं, तोंडात दोन बोटं घालून साफ केलं, पाठीत थापा मारल्या. श्वास परत आला.  फरशी पुसून झाल्यावर हलिमाने पेजेचं भांडं झाकून ठेवलं.

पाणी त्याच्या घशात ठरत नव्हतं, सुका घास उतरत नव्हता. उतरत होती ती एकच गोष्ट, हलिमाच्या मुलखातलं ते खाणं. ती त्याला कूकू म्हणायची. भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात मक्याचं रवाळ पीठ शिजवायचं, घट्ट, गुळगुळीत, आणि बरोबर कांदा-टोमॅटो-लिंबाच्या रसात वाफवलेला मासा. त्याच भेंडीच्या बुळबुळीतपणामुळे घास आपोआप घसरून खाली जायचा. ज्याची हव्वाबीला किळस येत होती त्यावर तिचा नवरा जगत होता.

म्हणून ती तिसऱ्या दिवशी पाटावर बसून बघत होती. हव्वाबी आली म्हणून हलिमाने काढलेली दोन दिवसांची रजा आज संपत होती.

"तू मला बोलावलीस?" हव्वाबीने एकदम विचारलं. पत्रातली भाषा मुनीरची होती, पण तिला आता शंका यायला लागली होती.

हलिमाने पीठ थंड पाण्यात भिजवलं. मग म्हणाली, "मुनीर नको बोलला. मी बोललो, लिव." थोडं थांबून, शब्द शोधून, तिने पुढचं सांगितलं. "काम सोडला तर हा उपाशी. काम धरला तर दुपारी हा एकटा. दोन वेळा पडला खाटेवरनं. मी एकटा नाय पुरत."

"आणि मी आल्यावर तुझं काय, ते नाय मनात आलं?"

"आला," हलिमा म्हणाली. आणि तिने चाटू हव्वाबीच्या हातात दिला.

खोक्याच्या लाकडाचा, बॅटीसारखा चपटा चाटू होता तो. हव्वाबीला वाटलं होतं, उकडच तर आहे. तांदळाची उकड तिने लहानपणापासून काढली होती, भाकऱ्यांसाठी. पण तांदळाच्या उकडीत पीठ टाकून झाकण ठेवलं की बाई मोकळी होते. इथे हात थांबवायची सोय नव्हती. भेंडीचं पाणी थोडं थोडं ओतायचं आणि ढवळायचं, ओतायचं आणि ढवळायचं, खांदा भरून येईपर्यंत. क्षणभर थांबलं की गुठळी. आणि गुठळी म्हणजे पुन्हा जांभळे ओठ.

पहिला आठवडा तिला ते साधलं नाही. हलिमा फटफटायच्या आत जायची ती असरची नमाज होऊन दिवस कलल्यावर यायची. दुपारचं हव्वाबीवर. तिने केलेल्या टोपातलं निम्मं ती बोटांनी चाचपून, गुठळ्या काढून भरवायची. एकेक चमच्याला मनात दुआ म्हणायची. हलिमा आल्यावर टोपाच्या तळाशी बोट फिरवून बघायची आणि उणं काय ते सांगायची. पीठ अजून भिजव, आच कमी कर. सुनेला सासू सांगते तसं नाही, एका कामावरच्या बाईने दुसरीला सांगावं तसं. हव्वाबीला तेच जास्त लागायचं. भांडायला तरी हवं होतं कोणी.

एका जुम्म्याला हलिमाला सुट्टी होती. ती सुरमई साफ करत बसली होती. बोलता बोलता तिने सांगितलं की खरं तर याला हा मासा नाही, आमच्याकडे मासा उडतो. आणि हाताने उडवून दाखवला. तिला वाटलं असावं, हव्वाबी हसेल. हव्वाबी म्हणाली, तिच्या बापाच्या होडीतही असा मासा येऊन पडायचा, खोल समुद्रात गेले की. आई त्याला हळद-मीठ लावून तव्यावर टाकायची. हलिमा सुरी थांबवून तिच्याकडे बघत राहिली. आपल्या बेटाबाहेर हा मासा कोणाला ठाऊक असेल, असं तिला पाच वर्षांत इथे कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी दोघींनी एका ताटात जेवण केलं. हव्वाबीने पहिल्यांदा ते खाणं तोंडात घातलं. वाईट नव्हतं. पण हे तिने बोलून दाखवलं नाही.

मे महिन्यात केव्हातरी तिचा हात बसला. एका दुपारी चाटू टोपात फिरताना वेगळाच वाटला, सगळा गोळा एकसंध होऊन कडेपासून सुटून आला. तिने वाडग्याला लोणी चोळलं, गोळा त्यात घालून घोळवला आणि ताटलीत पालथा घातला. पिवळाधमक, चंद्रासारखा गोल उतरला. माशातले काटे पुन्हा एकदा बोटांनी तपासले, रस वरून घातला आणि ती खाटेपाशी बसली. खैरुद्दीनने पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तो नेहमी चार-पाच चमच्यांवर मान फिरवायचा, त्या दिवशी ताटली संपवली. मग डावा हात उचलून त्याने तिच्या मनगटावर ठेवला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ठेवायचा तसा.

"एनिड," तो म्हणाला. जड जिभेने, पण स्पष्ट. "आज... चांगला झालाय."

हव्वाबीच्या मनात आलं, सांगावं. मी हव्वा. साखरतरची हव्वा. तुझी लेक मी वाढवली, तुझी आई माझ्या मांडीवर गेली. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा, जेवढा हलत होता तेवढा, सुखात होता.

"हूं," ती म्हणाली.

तो झोपला. तिने ताटली धुतली, टोप धुतला. हलिमा आली तेव्हा, आज किती खाल्लं, असं तिने रोजच्यासारखं विचारलं. सगळं, असं हव्वाबीने सांगितलं. एवढंच सांगितलं.

त्यानंतर ती रोज दुपारी एनिड झाली. कधी तो इंग्रजीत काहीतरी बोलायचा, ते तिला समजायचं नाही, ती हूं म्हणायची. एकदा तो हसला. तिच्या आठवणीत तिच्यापाशी तो असा हसला नव्हता. आणि हळूहळू तिच्या मनात एक गाठ बसत गेली की दिवसभर मी करते, घास माझ्या हातचा, आणि नाव तिचं. ती दिवसभर बाहेर असते, आणि संध्याकाळी परत आली की तिचं नाव, तिचा नवरा तिला जिथल्या तिथे मिळतो.

जुलैत उन्हाळा चढला. झावळ्यांतून येणारा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा. खैरुद्दीन खाईनासा झाला. छातीत घरघर सुरू झाली. इस्पितळातला डॉक्टर येऊन बघून गेला, हलिमानेच त्याला आणलं होतं. पाणी छातीत गेलंय म्हणाला. नंतरच्या मंगळवारी सकाळी, हलिमा कामाला गेल्यावर तासाभरात, हव्वाबी त्याचं अंग पुसत होती तेव्हा घरघर थांबली. तिला आधी बरं वाटलं, आराम पडला म्हणून. मग तिने कलमा म्हटला.

शेजारणीने मुनीरला निरोप दिला. तो दुकानातून दोन वडीलधाऱ्या माणसांना घेऊन आला. उन्हाळ्यात मयत ठेवून चालत नाही, दुपारी जोहरच्या नमाजाला उचलायची असं ठरलं. मुनीर आडोशापाशी आला आणि हलक्या आवाजात विचारलं, "चाची, तिला धोबीखान्यात निरोप धाडू?"

जायला फार तर अर्धा तास लागला असता. हव्वाबीला ते ठाऊक होतं. तिने आत बघितलं. खैरुद्दीनला नुकतं पांढऱ्या चादरीने झाकलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो कुठे जायच्या घाईत नव्हता, आणि त्याला कोणाचं नाव घ्यायचं उरलं नव्हतं.

"येईल ती संध्याकाळी," हव्वाबी म्हणाली.

मुनीरला तेच हवं होतं. तो लगेच वळला. पुरुषांनी गुसल दिलं, म्हणजे शेवटची आंघोळ घातली, कफन घातलं. तिने तोंड बघितलं. ओढलेली बाजू सरळ झाली होती, तो पूर्वीचा भंडारी दिसत होता. मग त्यांनी त्याला नेलं.

हलिमा आली तेव्हा खाट धुऊन भिंतीला उभी करून ठेवलेली होती. ती दारातच थांबली. रोजचं 'मी आलो' तिच्या तोंडात अर्धवट राहिलं. तिने खाटेकडे बघितलं, हव्वाबीच्या पांढऱ्या ओढणीकडे बघितलं.

"कवा?"

"सकाळी. तू गेल्यावर लगेच."

"सकाळी," हलिमा म्हणाली. तिने बाहेर कललेल्या उन्हाकडे बघितलं. ती हिशोब करत होती. "मला नाय कोणी सांगितला. का?"

मुनीरचं नाव घेणं सोपं होतं, आणि ते हलिमाला पटलंही असतं. हव्वाबीने तेवढ्यासाठी तोंड उघडलं होतं.

"मुनीरने विचारलं होतं," ती म्हणाली. "मी नको म्हटलं."

हलिमाने काही केलं नाही. हव्वाबीला वाटत होतं की ती मारेल, केस धरेल, घराबाहेर काढेल. घर तिचंच होतं. ती खाली बसली, जिथे खाटेचे पाय असायचे तिथे, आणि दोन्ही तळहात फरशीवर ठेवले. धोबीखान्याच्या सोड्याने ते भेगाळून पांढरे पडले होते. ती रडली तेव्हा आवाज आला नाही, नुसते खांदे हलत राहिले. हव्वाबीने पाणी नेऊन ठेवलं. ती ते प्यायली नाही.

चौथ्या दिवशी हलिमा कामावर गेली. जाणं भागच होतं. कामावर गेली नाही तर नाव कटणार, आणि मग दोघींनी खायचं काय? हव्वाबी इद्दतीत बसली, विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस, उंबऱ्याच्या आत. हलिमा रोज मासा, तांदूळ, रॉकेल आणून आडोशात ठेवायची. दोघींमध्ये लागेल तेवढंच बोलणं उरलं. कूकू दोघींनीही पुन्हा केलं नाही.

सप्टेंबरात मुनीर त्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. हव्वाबी पडद्याआड बसली. बोलणं वळणावळणाने आलं. ती बाई रोज बाहेर जाते, नवरा मेलेली बाई अशी जात नाही. निकाहाचा कागद नाही. मग ती खैरुद्दीनची कोण? चाचीने एक शब्द बोलावा, म्हणजे घर रिकामं करून घेता येईल, लोकांची तोंडंही बंद होतील. मुनीर म्हणाला, "चाची, तुझ्याच इज्जतीसाठी सांगतोय."



"ती माझी सवत हाय," हव्वाबी म्हणाली. "ती बाहेर जाते म्हणून मी घरात बसू शकते. तिची इद्दत मीच बसतेय."

वडीलधाऱ्यांपैकी एकाने घसा खाकरला.  चहा न घेताच ते उठले. संध्याकाळी हलिमाने विचारलं की कोण आलं होतं. गावची माणसं, बोटीचं विचारत होती, असं हव्वाबीने सांगितलं. हलिमाला शेजारणीकडून खरं काय ते आधीच कळलं होतं. तिने पुढे विचारलं नाही. त्या रात्री मात्र तिने आपली चटई ओढून हव्वाबीच्या चटईशेजारी टाकली.

नोव्हेंबरच्या शेवटी इद्दत संपली. गुरुवारच्या बोटीचं तिकीट मुनीरने आणून दिलं. बुधवारी सकाळी हलिमाने कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि दोघी कब्रस्तानाकडे निघाल्या. दुबईत आठ महिने काढून हव्वाबी पहिल्यांदाच बाजाराच्या रस्त्याने चालत होती. हवेत गारवा आला होता.

कब्रस्तानाला कमरेएवढी भिंत होती. आत बायकांनी जायची रीत नव्हती, म्हणून त्या भिंतीबाहेरच थांबल्या. आत वाळूचे लहान लहान उंचवटे होते, डोक्याशी एक दगड, पायाशी एक. नाव कशावरच नव्हतं. कोपऱ्यापासून तिसरी, असं मुनीरने सांगितलं होतं. पण कोपरे चार होते, आणि त्या उन्हाळ्यात पुष्कळ माणसं गेली होती.

"कुठला?" हलिमाने विचारलं.

हव्वाबीने भिंतीवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. त्या दिवशी तीही दारापर्यंतच गेली होती.

"मला नाय ठाऊक गो," ती म्हणाली.

हलिमाने मान हलवली. हव्वाबीने फातिहाच्या दुआसाठी हात उचलले. हलिमाने तिच्याकडे बघून आपलेही उचलले. हव्वाबी झाडाखालच्या एका दगडाकडे बघून पुटपुटत होती. मध्येच तिची नजर बाजूला गेली. हलिमा दुसऱ्याच कोपऱ्यातल्या एका दगडाकडे बघत होती.  हव्वाबीने आपला फातिहा पुरा केला आणि हलिमाचा संपेपर्यंत तशीच थांबून राहिली.